टॉमकॅट डेटाबेसला जोडत नाही? एरर कुठपर्यंत पोहोचली ते आधी बघा

मोंढ्यातल्या आडत दुकानाचं पट्टी काढायचं सॉफ्टवेअर असो, नाहीतर नांदेड-परभणीकडच्या कॉलेजातला शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, जावाचं वेब ॲप पहिल्यांदा सर्व्हरवर चढवलं की अडायची जागा बहुतेक ठरलेली असते. लॉगिनचं पान छान उघडतं, बटण दाबलं की ५०० नंबरची एरर. मग पासवर्ड बदल, जार फाइल इकडून तिकडं टाक, नेटवर सापडलेल्या चार ओळी चिकटव, हे सुरू होतं. चार गोष्टी एकदम बदलल्या की मुळात काय बिघडलं होतं हे कळायची सोय उरत नाही. वर चालू असलेली एखादी गोष्टही बिघडून बसते.

माझा सल्ला असा की काहीही बदलायच्या आधी एरर नीट वाचा आणि विनंती कुठपर्यंत जाऊन परत आली ते ठरवा. ॲपपासून डेटाबेसपर्यंतचा रस्ता ठरलेला आहे. टॉमकॅटला (जावाचं वेब ॲप चालवणारा सर्व्हर) रिसोर्सचं, म्हणजे डेटाबेस-जोडणीच्या सेटिंगचं, नाव सापडलं पाहिजे, मग ड्रायव्हर (जावाला डेटाबेसशी बोलू देणारी जार फाइल), मग पत्ता, मग पोर्टवर कुणी ऐकणारं, मग यूजर-पासवर्ड आणि शेवटी डेटाबेसवरचा हक्क. 'ॲक्सेस डिनाईड' दिसलं की नवी पोरं हबकतात, पण ती अर्धी चांगली बातमी आहे. नाव, ड्रायव्हर, पत्ता, पोर्ट सगळं बरोबर असल्याशिवाय मायएसक्यूएल (आपला डेटाबेस सर्व्हर) तुम्हाला नकार द्यायलासुद्धा भेटत नाही.

पुढचं सगळं टॉमकॅट ९ किंवा १० आणि मायएसक्यूएल ८ धरून लिहिलंय. कनेक्शनचा पूल, म्हणजे आधीच जोडून ठेवलेल्या कनेक्शनांचा साठा, टॉमकॅटच सांभाळतो आणि ॲप तो नावाने मागतं, म्हणजे जेएनडीआयची पद्धत. ॲपचं आणि डेटाबेसचं नाव 'मोंढा', यूजर 'मोंढाॲप'. फाइलींची आणि सेटिंग्जची नावं इथं देवनागरीत आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं, आणि लहान-मोठ्या लिपीसकट जशीच्या तशी.

पहिली पायरी: योग्य लॉग उघडा

ब्राउझरमध्ये दिसतं ते एररचं शेपूट असतं. लिनक्सवर 'कॅटालिना डॉट आउट' ही फाइल बघायची. टॉमकॅट झिप उघडून बसवला असेल तर ती त्याच्याच लॉग्ज फोल्डरमध्ये असते, उबुंटूच्या एपीटी कमांडने बसवला असेल तर व्हार फोल्डरातल्या लॉगखाली. विंडोजवर तारखेच्या नावाची कॅटालिना फाइल असते. तिच्या शेजारी 'लोकलहोस्ट' नावाची, तारीख घातलेली आणखी एक फाइल असते, तिच्याकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. ॲप सुरू होतानाच कोसळलं तर कॅटालिना फाइलीत नुसतं 'वन ऑर मोअर लिसनर्स फेल्ड टू स्टार्ट' एवढंच दिसतं, खरं कारण या दुसऱ्या फाइलीत असतं. अशा वेळी ब्राउझर ४०४ दाखवतो आणि माणूस पत्ता चुकला म्हणून यूआरएल तपासत बसतो. स्प्रिंग किंवा हायबरनेट या तयार जावा लायब्रऱ्या वापरत असाल आणि अचानक ४०४ आला, तर डेटाबेसवर संशय घ्यायला हरकत नाही.

शंभर ओळींच्या त्या भेंडोळ्यात 'कॉज्ड बाय' असं लिहिलेल्या ओळी शोधा आणि त्यातली सगळ्यात खालची वाचा. वरच्या ओळी तेच दुखणं पुन्हा पुन्हा गुंडाळून सांगतात.

दुसरी पायरी: जावा बाजूला ठेवा

डेटाबेस जिवंत आहे का, हे टॉमकॅटशिवाय तपासा. सिस्टीमसीटीएल कमांडने मायएसक्यूएलचं स्टेटस बघा. एसएस कमांडला वजा एलटीएन लावून ३३०६ पोर्ट ऐकतोय का ते बघा. मग ॲपच्याच यूजरने लॉगिन करा. रूटने (डेटाबेसचा मुख्य यूजर) नव्हे. आणि होस्ट म्हणून 'लोकलहोस्ट' न देता १२७.०.०.१ द्या.

या शेवटच्या गोष्टीला कारण आहे. लिनक्सवर मायएसक्यूएलच्या कमांडला लोकलहोस्ट सांगितलं की ती नेटवर्कने जातच नाही, सॉकेट फाइलमधून आत शिरते. जावाचा ड्रायव्हर मात्र नेहमी टीसीपी पोर्टवरून जातो. म्हणून "सर, कमांडवर तर चालतंय, जावातून कसंच चालंना" ही तक्रार येते. दोघं वेगळ्या दारांनी जात असतात. १२७.०.०.१ दिलं की कमांडही जावाच्याच दाराने जाते आणि तपासणी खरी ठरते.

रूटचंही असंच आहे. उबुंटूवर मायएसक्यूएलचा रूट बहुधा पासवर्डवर चालत नाही, सुडो करून आलेल्या माणसाला सॉकेटवरच ओळखतो. त्यामुळं कितीही बरोबर पासवर्ड लिहिला तरी जावातून रूट आत जाणार नाही. त्याच्या मागं लागूही नका. क्रिएट यूजरने 'मोंढाॲप' बनवा आणि ग्रँटने त्याला फक्त मोंढा डेटाबेसवर हक्क द्या.

विंडोजवर झॅम्पवाल्यांनी (वेब सर्व्हर आणि डेटाबेस एकत्र बसवणारं पॅकेज) एक जास्तीची गोष्ट तपासायची. झॅम्पमध्ये मारियाडीबी, म्हणजे मायएसक्यूएलचाच भाऊबंद, येतं. त्याच मशीनवर आधीच वेगळं मायएसक्यूएल बसवलेलं असेल, तर दोघांना ३३०६ च हवा असतो आणि कुणीतरी एकाला ३३०७ वर हलवून ठेवलेलं असतं. टेबलं एका सर्व्हरमध्ये आणि ॲप विचारतंय दुसऱ्याला, असं झालं की 'अननोन डेटाबेस' येतं, आणि तुम्ही म्हणता डेटाबेस तर समोर दिसतोय.

तिसरी पायरी: 'कम्युनिकेशन्स लिंक फेल्युअर'चे प्रकार ओळखा

सगळ्यात जास्त वेळ खाणारी एरर हीच, कारण एका नावाखाली निदान चार दुखणी राहतात. वेगळी करायची तर तिच्या आजूबाजूच्या ओळी बघायच्या.

खाली 'कनेक्शन रिफ्यूज्ड' असेल तर मशीनपर्यंत पोहोचलात, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही. मायएसक्यूएल बंद आहे, पोर्ट चुकलाय, किंवा डेटाबेस दुसऱ्या मशीनवर असून तो फक्त स्वतःपुरता ऐकतोय. उबुंटूवर मायएसक्यूएलडी डॉट सीएनएफ या फाइलीत 'बाइंड-ॲड्रेस' १२७.०.०.१ असतो. टॉमकॅट आणि डेटाबेस वेगळ्या मशीनवर असतील तर तिथं डेटाबेस मशीनचा लॅनमधला आयपी लिहून मायएसक्यूएल रीस्टार्ट करा.

'कनेक्ट टाइम्ड आउट' असेल तर मध्येच कुणीतरी गिळतंय. फायरवॉल, नाहीतर चुकीचा आयपी. दुकानातल्या राउटरने आयपी बदलून दिला की हेच होतं, त्यामुळं सर्व्हरला पक्का आयपी बांधून द्या. यूएफडब्ल्यूमध्ये, म्हणजे उबुंटूच्या फायरवॉलमध्ये, ३३०६ उघडताना फक्त टॉमकॅटच्या मशीनपुरता उघडा, सगळ्या जगाला नको.

'अननोन होस्ट' म्हणजे नावाचा आयपीच सापडला नाही. स्पेलिंग बघा.

चौथा प्रकार वेगळाच आहे. 'लास्ट पॅकेट' असं काहीतरी लिहिलेल्या वाक्यात मिलिसेकंदांचा आकडा असतो. तो शून्य किंवा अगदी लहान असेल आणि सर्व्हरकडून एकही पॅकेट आलं नाही असं लिहिलेलं असेल, तर कनेक्शन कधी जुळलंच नव्हतं, वरच्या तिन्हींतलं काहीतरी आहे. पण आकडा कोट्यवधीत असेल, तर कनेक्शन आधी चांगलं होतं आणि पडून पडून मेलं. मायएसक्यूएलचा 'वेट टाइमआउट' मुळात २८,८०० सेकंदांचा, म्हणजे ८ तासांचा असतो. मोंढा संध्याकाळी बंद होतो, सकाळी पहिली पट्टी काढायला गेलं की एरर, दुसऱ्यांदा दाबलं की चालू, हे त्याचं लक्षण. उपाय सहाव्या पायरीत आहे.

चौथी पायरी: 'ॲक्सेस डिनाईड'मधलं प्रत्येक अक्षर वाचा

या ओळीत यूजरचं नाव, ॲट चिन्ह, कुठून आला ते मशीन आणि शेवटी कंसात 'यूजिंग पासवर्ड: यस' किंवा 'नो' असतं.

'नो' असेल तर पासवर्ड चुकलेला नाही, तो पोहोचलाच नाही. सेटिंगचं नाव चुकलंय. यूजरचं नाव भलतंच किंवा रिकामं दिसत असेल, तर रिसोर्समध्ये 'यूजरनेम'ऐवजी नुसतं 'यूजर' लिहिलं असणार. 'यस' असेल तर मशीनचं नाव बघा. मायएसक्यूएलला 'मोंढाॲप' लोकलहोस्टवरचा आणि 'मोंढाॲप' १९२.१६८.१.२० वरचा, ही दोन वेगळी माणसं वाटतात. यूजर लोकलहोस्टसाठी बनवला आणि ॲप दुसऱ्या मशीनवर गेलं की बरोबर पासवर्ड असूनही दार बंद. एररमध्ये जे मशीन छापलंय त्याच्या नावाने यूजर बनवा. सगळ्यांसाठी टक्क्याचं चिन्ह टाकून मोकळं व्हायचा मोह होतो, पण बिलांचा डेटा असेल तर नका टाकू.

ओळीच्या शेवटी 'टू डेटाबेस मोंढा' असेल तर लॉगिन पास झालंय, ग्रँट राहिलाय.

पाचवी पायरी: ड्रायव्हर आणि रिसोर्सचं नाव

वरच्या पायऱ्यांपर्यंत विनंती पोहोचलीच नसेल तर गडबड टॉमकॅटच्या घरातच आहे.

'कॅनॉट लोड जेडीबीसी ड्रायव्हर क्लास' म्हणजे जार फाइल सापडली नाही. प्रोजेक्टच्या वेब-इन्फमधल्या लिबमध्ये ती असून भागत नाही, कारण पूल ॲप बनवत नाही, टॉमकॅट बनवतो. कनेक्टर-जेची, म्हणजे मायएसक्यूएलच्या जावा ड्रायव्हरची, जार टॉमकॅटच्या स्वतःच्या लिब फोल्डरमध्ये ठेवा, ॲपमधली काढून टाका आणि टॉमकॅट रीस्टार्ट करा. क्लासचं नावही तपासा. जुन्या धड्यांत 'कॉम डॉट मायएसक्यूएल डॉट जेडीबीसी डॉट ड्रायव्हर' सापडतं, नव्या कनेक्टरमध्ये मध्ये 'सीजे' आलाय.

रिसोर्स लिहायची जागा म्हणजे ॲपच्या मेटा-इन्फमधली 'कॉन्टेक्स्ट डॉट एक्सएमएल'. त्यात इतकं हवं:

- नेम: जेडीबीसी/मोंढा
- ऑथ: कंटेनर
- टाइप: जावाएक्स डॉट एसक्यूएल डॉट डेटासोर्स
- ड्रायव्हरक्लासनेम, यूआरएल, यूजरनेम, पासवर्ड
- पुलाचे आकडे, ते पुढं येतील

कोडमध्ये हेच नाव 'जावा:कॉम्प/एन्व्ह/' लावून शोधायचं. 'नेम इज नॉट बाउंड' आलं तर 'अनेबल टू फाइंड'च्या पुढं कंसात काय छापलंय ते बघा. नुसतं 'जेडीबीसी' छापलं असेल तर त्या घरात एकही रिसोर्स नाही, म्हणजे तुमची कॉन्टेक्स्ट फाइल टॉमकॅटने वाचलेलीच नाही. 'मोंढा' छापलं असेल तर घर आहे, स्पेलिंग जुळत नाही.

'ड्रायव्हर ऑफ क्लास' आणि मग रिकामी अवतरणचिन्हं, पुढं यूआरएल 'नल', ही एरर विचित्र दिसते पण अर्थ सरळ आहे. वेब डॉट एक्सएमएलमध्ये रिसोर्स-रेफ लिहिलाय, त्या नावाचा खरा रिसोर्स कुठंच नाही. अवतरणात क्लास आणि यूआरएल दोन्ही छापून वर 'नो सुटेबल ड्रायव्हर' असेल, तर यूआरएलची सुरुवात चुकली. जेडीबीसी, विसर्गासारखे दोन टिंब, मायएसक्यूएल, परत दोन टिंब, दोन तिरप्या रेघा. त्या अवतरणात टॉमकॅटने प्रत्यक्षात काय वाचलं ते असतं, तुम्ही फाइलीत काय लिहिलंय ते नव्हे. दोन्ही जुळवून बघा.

जुळत नसतील, तर फाइल दुसरीच वाचली जातेय. कॉन्फ फोल्डरात कॅटालिना, त्यात लोकलहोस्ट, तिथं 'मोंढा डॉट एक्सएमएल' पडलेली असेल तर तीच जिंकते, तुमच्या मेटा-इन्फकडे कुणी बघत नाही. इक्लिप्समधून सर्व्हर चालवत असाल तर तो टॉमकॅटच्या कॉन्फमधल्या फाइली वापरत नाही, वर्कस्पेसमधल्या 'सर्व्हर्स' प्रोजेक्टातल्या नकला वापरतो. तिकडं बदल करा.

टॉमकॅट १० वर गेलेल्यांसाठी एवढं लक्षात ठेवा: सर्व्हलेटचं 'जावाएक्स' बदलून 'जकार्ता' झालं, म्हणून काहीजण सगळ्या प्रोजेक्टात एकदम शोधून बदलतात. 'जावाएक्स डॉट एसक्यूएल' आणि 'जावाएक्स डॉट नेमिंग' हे खुद्द जावाचे भाग आहेत, ते बदललेले नाहीत. त्यांना हात लावू नका.

यूआरएलमध्ये एकाहून जास्त सेटिंग्ज जोडताना & हे चिन्ह येतं. एक्सएमएल फाइलीत ते नुसतं चालत नाही. त्याच्यापुढं ए-एम-पी आणि अर्धविराम लागतो, नाहीतर अख्खी फाइल नापास होते. जोडायच्या सेटिंग्जमध्ये आपल्याकडे नेहमी दोन लागतात. जुन्या कनेक्टरला, ८.०.२२ पर्यंतच्या, सर्व्हरची वेळ 'आयएसटी' दिसली की तो गोंधळतो, कारण आयएसटी भारताची, इस्रायलची आणि आयर्लंडचीही. 'सर्व्हरटाइमझोन' ला 'एशिया/कोलकाता' द्या, किंवा सरळ नवा कनेक्टर घ्या. दुसरी सेटिंग 'पब्लिक की रिट्रीव्हल इज नॉट अलाउड'साठी. तिच्याबद्दल शेवटी बोलू.

सहावी पायरी: पूल

जोडणी झाली, दोन-चार दिवस चाललं, मग पान नुसतं फिरत राहतं. एरर नाही, काही नाही. इथं पूल संपलेला असतो. मोंढ्यात ८ काटे आहेत आणि माल मोजून झाला तरी कुणी काटा सोडत नाही, मग नववा शेतकरी उभाच राहणार. टॉमकॅटच्या नेहमीच्या पुलात (डीबीसीपी) 'मॅक्सटोटल' मुळात ८ च असतो आणि 'मॅक्सवेटमिलिस' वजा १, म्हणजे कितीही वेळ उभं राहा. आधी तो १०,००० करा, म्हणजे १० सेकंदांनी एरर तरी येईल आणि लॉगमध्ये दिसेल.

जुन्या धड्यांतून 'मॅक्सॲक्टिव्ह' आणि 'मॅक्सवेट' उचलली असतील तर टॉमकॅट ८ पासून ती नावं चालत नाहीत. टॉमकॅट सुरू होताना तसा इशारा लॉगमध्ये टाकतो आणि गुपचूप ८ वर चालू राहतो. तुम्ही म्हणता मी तर १०० दिलेत.

आकडा वाढवणं हे मात्र औषध नव्हे. कनेक्शन सोडलं जात नाही, ते कोडमध्ये शोधा. कनेक्शन, स्टेटमेंट, रिझल्टसेट, तिन्ही 'ट्राय-विथ-रिसोर्सेस'च्या कंसात उघडली की चूक व्हायला जागाच राहत नाही. कुठं गळतंय ते सापडत नसेल तर 'रिमूव्हअबँडन्डऑनबॉरो' आणि 'लॉगअबँडन्ड' दोन्ही ट्रू करा. सोडायला विसरलेल्या कनेक्शनचा उगम कोणत्या क्लासच्या कोणत्या ओळीत, ते लॉगमध्ये येतं. आणि सगळ्या ॲप्सच्या पुलांची बेरीज मायएसक्यूएलच्या 'मॅक्स कनेक्शन्स'च्या आत ठेवा. तो मुळात १५१ असतो.

रात्रीत मेलेल्या कनेक्शनसाठी 'टेस्टऑनबॉरो' ट्रू आणि 'व्हॅलिडेशनक्वेरी' म्हणून सिलेक्ट १. नेहमीच्या डीबीसीपी पुलात टेस्ट आधीच चालू असते. रिसोर्समधली 'फॅक्टरी' सेटिंग बदलून टॉमकॅटचा दुसरा, जेडीबीसी पूल घेतला असेल तर ती बंद असते, तुम्हालाच चालू करावी लागते.

सातवी पायरी: लाईट गेल्यावर

हे शहरातल्या धड्यांत सहसा नसतं. दुपारी लाईट जाते, इन्व्हर्टर तासाभराने मान टाकतो, सर्व्हर धाडकन बंद. लाईट आली की दोन्ही सेवा एकदम उठतात. मायएसक्यूएल अर्धवट राहिलेले व्यवहार निस्तरत असतं, तोवर टॉमकॅट दार वाजवून 'कनेक्शन रिफ्यूज्ड' घेऊन बसतो. ॲप सुरू होतानाच डेटाबेस मागत असेल तर ते पडतं आणि आपोआप उठत नाही. टॉमकॅटच्या सिस्टीमडी युनिटमध्ये (सेवा कशी सुरू करायची ते सांगणारी फाइल) 'आफ्टर' म्हणून मायएसक्यूएलची सेवा लिहा.

तेवढं करूनही कधी कधी नवीच एरर उगवते: 'पब्लिक की रिट्रीव्हल इज नॉट अलाउड'. काल चालत होतं, कुणी काही बदललं नाही, तरी. मायएसक्यूएल ८ ची 'कॅशिंग शा २' पद्धत एकदा सुरक्षित रस्त्याने आलेल्या यूजरची खूण मेमरीत ठेवते. नंतर तोच यूजर साध्या, एन्क्रिप्शन नसलेल्या कनेक्शननेही आत जातो. तुमच्या यूआरएलमध्ये 'यूजएसएसएल' (एन्क्रिप्शन वापरायचं का ते) फॉल्स असूनही चालत होतं ते यामुळं. सर्व्हर बंद पडला की मेमरी रिकामी, खूण गेली, आणि ड्रायव्हरला आता सर्व्हरची की मागून घ्यावी लागते, ज्याची त्याला परवानगी नाही. कमांडवरून मोंढाॲपने एकदा लॉगिन केलं की पुन्हा चालू होतं, त्यामुळं हे भूत वाटतं. नीट उपाय म्हणजे 'यूजएसएसएल' फॉल्स काढून टाकणं, मायएसक्यूएल ८ कडे स्वतःचं सर्टिफिकेट बहुधा असतंच. टॉमकॅट आणि डेटाबेस एकाच मशीनवर असतील तर 'अलाउपब्लिककीरिट्रीव्हल' ट्रू केलं तरी चालेल. नेटवर्कमधून जात असेल तर नको.

लाईट आल्यावर घाईने टॉमकॅट चारदा रीस्टार्ट करू नका. मायएसक्यूएलचा एरर लॉग उघडा, 'रेडी फॉर कनेक्शन्स' ही ओळ आणि पोर्ट ३३०६ दिसेपर्यंत थांबा, मग टॉमकॅट एकदाच उठवा. तरीही अडलं तर कुणाला मदत मागताना सगळ्यात खालची 'कॉज्ड बाय' ओळ आणि रिसोर्सचा तुकडा पाठवा. ग्रुपवर टाकायच्या आधी त्यातला पासवर्ड मात्र खोडा.